आठ नंबरचा हिरवा

२ फेब्रुवारी, रविवार. सोलापूर. दुपारी ४.
शेजारच्या विरेश बिराजदारकडे सत्यनारायण होता. निमित्त काय, तर घराला नवा रंग दिला. रंग दिला म्हणून पूजा घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आणि रंग तरी कुठले? समोरून केशरी, बाजूने जांभळा, गॅलरीच्या कठड्याला पोपटी. होटगी रोडवरून आत वळलं की डोळे दिपतात. तरी मी सभ्यपणे छान, छान म्हणालो.

त्यावर हा चाळिशीचा पोरगा वीस-पंचवीस माणसांसमोर मला प्रसादाची वाटी देत म्हणाला, काका, आता तुमच्या घराचं पण बघा की. तुमची ती फिकी गुलाबी भिंत दिसली की दंडात सुई टोचल्यासारखं होतं. सेम दवाखाना.

सगळे हसले. रेश्मा पण हसली. माझी बायको. तोंडात शिरा असताना हसली.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. किती साहेब आले आणि गेले. एकानेही केलेला अपमान मी विसरलेलो नाही. तेव्हा कामामुळे वेळ नव्हता. आता रिटायर आहे. वेळच वेळ आहे.

निश्चय: बदला. शांत डोक्याने. रंगाचा बदला रंगानेच. मुदत पाडव्यापर्यंत.

५ फेब्रुवारी, बुधवार.
नव्या पेठेतून शेडकार्ड आणलं. सकाळी दहा ते एक अभ्यास. भडक माणसाला भडक उत्तर द्यायचं नसतं. माझं घर असं दिसलं पाहिजे की शेजारचं घर आपोआप ओरडतंय असं वाटेल. म्हणून मंद हिरवा. जरासा राखेकडे झुकणारा. बाहेरून तोच, आतून तोच. एक घर, एक विचार.

अपेक्षाला पुण्याला फोन केला. पोरीला वाटलं तब्येतीचं काहीतरी आहे. हिरवा म्हटल्यावर म्हणाली, बाबा, सेज ग्रीन म्हणताय का, तो सध्या ट्रेंडमध्ये आहे, तुम्हाला कसं माहीत? म्हटलं, मला माहीत असतं. नंतर डिक्शनरी काढली. सेज म्हणजे ऋषी. ऋषींचा हिरवा. मला शोभेल.

रेश्माचं म्हणणं, बाहेर काय करायचं ते करा, स्वयंपाकघर तेवढं उजेडाचं ठेवा. ती कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. चाळीसेक घरं आणि दोन हॉटेलं धरलेली आहेत. छंद आहे तिचा. मी कधी आडवा आलो नाही. म्हटलं, बघू.

९ फेब्रुवारी, रविवार.
गुरप्पा पेंटर येऊन गेला. अक्कलकोटकडचा. तीस वर्षं भिंती रंगवतोय, पण बोलायला फारसा तयार नसतो. मी त्याला अर्धा तास मंद हिरव्यामागची भूमिका समजावली. सगळं ऐकून त्याने विचारलं, वैनी काय म्हंतात?

भूमिका पुन्हा समजावली.

समोरच्या भिंतीवर नऊ हिरव्यांचे नऊ चौकोन मारून घेतले. खडूने नंबर घातले. रेश्मा भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. एकदाच बघितलं आणि म्हणाली, तीन नंबर. धूळ बसलेल्या हरभऱ्यासारखा दिसतो. आणि आत गेली.

असा निर्णय नसतो घ्यायचा. निर्णयाला प्रक्रिया असते.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
अडचण. चार नंबर सकाळी हिरवा असतो, बाराला पांढरा होतो, पाचला सिमेंट. सात नंबर दिवसभर सिमेंट. गुरप्पा म्हणाला, हितलं ऊन रंग खातंय सायेब, कार्डावर जे दिसतंय त्ये भिंतीवर र्‍हात न्हाय.

विरेश स्कूटर काढताना थांबला. म्हणाला, काका, भिंतीला गजकर्ण झालं का काय? मलम चालू आहे वाटतं!

मी हसलो. आतून नाही. तारीख लिहून ठेवतो आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
पद्धत सापडली. इतकी सोपी की आधी कशी सुचली नाही? जो हिरवा विरेशला आवडणार नाही, तो आपला.

सकाळी पेपर घेऊन गेटजवळ खुर्ची टाकली. निरीक्षणं अशी. विरेश म्हणाला, सहा नंबर भारी आहे काका. सहा बाद. त्याची बायको सोनम म्हणाली, मला तीन आवडला, रेश्माकाकू पण तेच म्हणत होत्या. तीन बाद. त्यांची आठ वर्षांची आरोही कंपाउंडवर चढून म्हणाली, एक, दोन, पाच आणि नऊ. ते सगळे बाद. ही पोरगी मध्यंतरी दिसत नव्हती. आजोळी असेल.

उरले चार, सात आणि आठ. चार आणि सात सिमेंट असल्याने बाद.

आठकडे बिराजदारांच्या घरातल्या कोणीही ढुंकून पाहिलं नाही. याला म्हणतात जळफळाट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
आठ नंबर फायनल. नाव 'सायलेंट फॉरेस्ट'. मौन जंगल. सुडाला यापेक्षा चांगलं नाव असू शकत नाही.

रेश्मा म्हणाली, अहो हा हिरवा न्हाय, हे शेवाळ हाय. ती नातेपुत्याची. चिडली की अजून तिकडचं बोलते. म्हटलं, डबा उघडल्यावर सगळेच रंग असे दिसतात. गुरप्पाकडे पाहिलं. तो ब्रश झटकत होता.

म्हणाला, मशिनीवर एकदा रंग बनला की दुकानदार परत घेत न्हाय सायेब. इचार करा. म्हटलं, केलाय. एकोणीस दिवस केलाय.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.
उपास. साबुदाणा खाताना हॉलचा दुसरा हात पूर्ण झाला. हॉल गंभीर वाटतो. गंभीर म्हणजे चांगल्या अर्थाने. दुपारी दोनला पेपर वाचायला दिवा लावावा लागला, पण शिवरात्रीला आभाळ असंच असतं. (बाहेर कडक ऊन होतं. नोंदीसाठी.)

उद्यापासून स्वयंपाकघर. रेश्मा म्हणाली, तिथं तरी फिका मारा, मी हात जोडते. हात जोडणं मला पटलं नाही. म्हटलं, एका खोलीत माघार घेतली की सगळं घर हरतं. तिने विचारलं, कोणाशी लढताय? सांगितलं नाही. बायकांच्या पोटात गोष्टी राहत नाहीत.

३ मार्च, सोमवार.
स्वयंपाकघर पूर्ण. रुबाबदार. एकच खिडकी आहे, ती शेजारच्या जांभळ्या भिंतीकडे उघडते. त्यामुळे उजेड जांभळा येतो आणि भिंतीवर पडून काळा होतो. हा विरेशचाच दोष.

आज रेश्माच्या अकरा भाकऱ्या करपल्या. म्हणाली, तव्यावर भाकरी भाजली का जळाली ते दिसतच न्हाय मला. म्हटलं, वासावर लक्ष ठेव. तिने उलथनं खाली ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. मला ते जास्त लागलं, पण मी कशाला दाखवू?

दुपारी परात, तवा, पिठाचे डबे आणि उखळ शेजारी गेलं. सोनमने तिची खालची मोकळी खोली दिली. तिथे पूर्वेची मोठी खिडकी आहे म्हणे. उखळ विरेशने उचलून नेलं. माझ्या गेटमधून, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या सासूने दिलेलं उखळ.

निश्चय: शत्रूच्या घरात भाजलेला एक तुकडाही खाणार नाही.

३ मार्च. सायंकाळी ७.
दोन भाकऱ्या खाल्ल्या. चटणी होती. तत्त्वाचा प्रश्न वेगळा, पोटाचा वेगळा.

८ मार्च, शनिवार.
रेश्मा सकाळी सातला शेजारी जाते, एकला येते. तिथून हसण्याचे आवाज येतात. दोन बायका भाकरी भाजताना एवढं काय हसतात? खिडकीजवळ उभा राहून ऐकायचा प्रयत्न केला. खिडकीच्या चौकटीचा ओला रंग शर्टाला लागला. शर्ट आता घरातच घालायचा. घातला की मी भिंतीसमोर दिसेनासा होतो, असं अपेक्षा व्हिडिओ कॉलवर म्हणाली. बाबा कुठे गेले, म्हणून विचारत राहिली. वाह्यात झाली आहे.

१२ मार्च, बुधवार.
बाहेरची भिंत सुरू करा म्हटलं. गुरप्पा नको म्हणाला. रंगपंचमी एक आठवड्यावर आलीय, ही गल्ली लई दंगा करती, पंचमी झाली की निवांत मारू.

इथेच सामान्य माणूस आणि माझ्यात फरक पडतो. रंगपंचमीला सगळी कॉलनी रस्त्यावर असते. त्या दिवशी सगळे रंगाने बरबटलेले असताना मध्यभागी माझं मौन जंगल उभं राहील. शेजारी तो आरडाओरडा. लोक आपोआप तुलना करतील. मला एक शब्द बोलावा लागणार नाही. पण समजा बोलायची वेळ आली, तर वाक्य तयार आहे: विरेश, तुझं घर म्हणजे उन्हात उभी केलेली आईसकांडी. आरशासमोर सहा वेळा म्हणून पाहिलं. 'आईसकांडी'वर जोर द्यायचा.

१७ मार्च, सोमवार.
बाहेरचा दुसरा हात झाला. ऊन एकोणचाळीस. गुरप्पाने डोक्याला पंचा गुंडाळून काम केलं, मी सावलीतून सूचना दिल्या.

पोस्टमन दोनदा पुढे गेला आणि परत आला. घर ओळखलं नाही म्हणाला. प्रभाव पडतो आहे.

१८ मार्च, मंगळवार.
संरक्षण व्यवस्था. हातगाडीवाल्याकडून सहा चादरी आणल्या. कुठल्या गावचा माल देव जाणे, पण लाल आणि जाड होत्या. गच्चीवरून खाली सोडून सगळी समोरची भिंत झाकायची. पोरं रंग मारतील तो चादरींवर. बारा वाजता, गर्दी भरात असताना, सगळ्या चादरी एकदम वर ओढायच्या. अनावरण.

रेश्मा म्हणाली, साधं सांगा की पोरांना, मारू नका म्हणून. म्हटलं, विनंती दुबळा माणूस करतो.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी. दुपारी ३.
घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला चादरी सोडल्या. वारा होता. चादरी फडफडायला लागल्या, भिंत उघडी पडायला लागली. म्हणून वजनासाठी ओल्या केल्या. गच्चीवरून बादलीने पाणी सोडलं. नळाला पाणी आता शुक्रवारी येणार असल्याने पिण्याच्या पाण्याचं पिंप वापरलं. आणीबाणी होती.

चादरी चिकटून बसल्या. वारा हरला. मी पांढरा सदरा घालून गेटवर उभा राहिलो.

पोरं आली. पिचकाऱ्या, फुगे, सगळं घेऊन आली. आणि माझ्या घरापाशी येऊन सगळ्यांनी पिचकाऱ्या खाली केल्या. कडेकडेने, चालत गेली. एकानेही थेंब मारला नाही. पुढे गेल्यावर परत दंगा सुरू. आरोहीने जाता जाता सांगितलं, पप्पांनी सगळ्यांना सांगितलंय, काकांनी एवढ्या हौसेने रंग दिलाय, त्यांच्या भिंतीपासून लांब राहायचं.

मला हे आवडलं नाही. त्याच्या परवानगीने माझी भिंत वाचायला नको होती.

बारा वाजता कॉलनी भरात होती. मी वर जाऊन चादरी ओढल्या.

शांतता पसरली. मला वाटलं प्रभाव आहे. खाली वाकून पाहिलं. सहा चादरींनी तीन तासांत जेवढा लाल सोडायचा तेवढा सोडला होता. वरपासून खालपर्यंत ओघळ. शेवाळावर लाल. कोणीतरी खालून विचारलं, कोणाला लागलं तर नाही ना?

विरेश हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो शिडी घेऊन आला, ओल्या फडक्याने पुसायला लागला, आणि ओघळांचे ढग झाले.

रेश्माने रिकामं पिंप पाहिलं. कळशी घेऊन शेजारी गेली.

२० मार्च, गुरुवार.
गुरप्पाला फोन. पाडव्यापर्यंत एकही दिवस मोकळा न्हाय म्हणाला. विनंती केली. (धोरणात्मक विनंती.) न्हायच म्हणाला.

घरात बसवत नाही. निषेध म्हणून नातेपुत्याला मेव्हण्याकडे चाललोय. पत्ता मुद्दाम सांगितला नाही. शोधू देत. काळजी करू देत. मग कळेल.

२३ मार्च, रविवार. नातेपुते.
तीन दिवस झाले, फोन नाही. मेव्हण्याला रेंजबद्दल विचारलं. रेंज उत्तम आहे. त्याच्या बायकोने विचारलं, ताईनं शेंगा आणायला सांगितल्यात, जाताना पोतं न्याल ना? म्हणजे मी कुठे आहे ते रेश्माला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

२५ मार्च, मंगळवार. सोलापूर.
शेंगांचं पोतं घेऊन रिक्षातून उतरलो. रिक्षावाल्याला म्हटलं, अजून पुढे. तो म्हणाला, पत्ता हाच सांगितला होता.

आमचंच घर. तीन नंबर.

खोटं लिहीत नाही, ही रोजनिशी आहे. मी पोतं रस्त्यावर ठेवून उभा राहिलो. संध्याकाळचं ऊन होतं. भिंत उन्हाशी भांडत नव्हती. पाणी मारलेल्या अंगणासारखं वाटलं. खिडक्यांच्या कडा फिक्या ठेवल्या होत्या. हॉलमध्ये तोच रंग, आणखी फिका. स्वयंपाकघर जवळजवळ पांढरं, हिरव्याची नुसती शंका. गेले तीन आठवडे तिथे मला चहाचा डबा चाचपडत शोधावा लागायचा. आज लांबून दिसला.

गुरप्पाला विचारलं, वेळ कसा मिळाला? म्हणाला, वैनींनी बोलिवलं. त्यांना न्हाय कसं म्हनायचं? बिराजदारसायबांनी पण दोन दिवस रोलर धरला हाताखाली.

रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून घराकडे पाहत होती. म्हटलं, माझीच निवड. दीड महिना अभ्यास केला.

मागे रेश्मा उभी होती. तिने नुसतं पोतं उचलायला हात लावला.

३० मार्च, रविवार. पाडवा.
गुढी उभारली. कॉलनीतले सगळे घर बघायला आले. विरेश सगळ्यांना सांगत होता, गल्लीत एक नंबर घर आता काकांचं. हीच वेळ. अठरा दिवस जपलेलं वाक्य काढलं. सगळ्यांसमोर, जोर देऊन: विरेश, तुझं घर म्हणजे उन्हात उभी केलेली आईसकांडी!

सगळ्यात मोठ्याने तोच हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आरोहीला हाक मारून म्हणाला, ऐकलंस का, काकांनी बरोब्बर ओळखलं! मग मला म्हणाला, तिनेच निवडलेत की काका ते रंग. ऑगस्टपासून दीड महिना ॲडमिट होती. एकदा तर डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तयारी ठेवा म्हणून. खाटेवर पडून समोरच्या फिक्या गुलाबी भिंतीकडे बघत राहायची. एक दिवस म्हणाली, पप्पा, घरी गेल्यावर आपण आईसकांडीचं घर करायचं. मी म्हटलं, तू फक्त घरी चल. पूजा पण ती घरी आली त्याचीच होती, रंगाचा नुसता बहाणा.

मी विचारलं, मग माझ्या घराला दवाखाना म्हणालास ते?

तो गोंधळला. म्हणाला, मी? कधी? खरंच म्हणालो असेन तर माफ करा काका, त्या दिवसांत काय बोलत होतो माझं मलाच कळत नव्हतं.

त्याला आठवतसुद्धा नाही.

सगळे गेल्यावर रेश्माला म्हटलं, एवढं सगळं झालं आणि मला कोणी सांगितलं नाही. म्हणाली, तीनदा सांगितलं. दीड महिना रोज डबा घेऊन कुठं जात होते मी, वाटलं तुम्हाला? म्हटलं, हॉटेलची ऑर्डर असेल. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

मी विषय बदलला. म्हटलं, आता आपलं स्वयंपाकघर उजेडाचं झालं, उखळ परत आणू. म्हणाली, नको. तिथं आम्ही दोघी आहोत. आणि तिथं मधूनमधून कोणीतरी विचारतं, दमलीस का म्हणून.

यावर उत्तर तयार करतो आहे.

६ एप्रिल, रविवार.
सकाळी सहा. उठलो. चहा स्वतः केला. साखर सापडली.

साडेसात. हॉलमध्ये बसलो. घर सुंदर दिसतं. बघायला कोणी नाही.

आठ. सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली. शेजारून भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. उत्तर अजून तयार नाही.

साडेआठ. शेजारी गेलो. कारण ठरवलं होतं, पेपर मागायचा. पेपर माझ्या हातातच होता. सोनमने पाट दिला. पुढ्यात भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरलेलं सूप ठेवलं. सालं काढायची होती. विरेश आणि आरोही आधीच बसले होते, त्यांचं सूप अर्धं झालं होतं.

मी रेश्माला म्हटलं, दमलीस का?

ती म्हणाली, आत्ता कुठं आठ भाकऱ्या झाल्यात. पण हसली.

साडेदहापर्यंत चोळत होतो. रेश्माने येऊन मूठभर दाणे उचलून पाहिले. म्हणाली, सालं राहिलीत, परत चोळा.

परत चोळले.